मनूस, मॉरिशसला निघण्याआधी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोन कट झाला की तू ठेवलास, ते मी विचारणार नाही. पाण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असं ठरवूनच लिहायला बसले आहे. तिथं गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, आपली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, हे वाचून बाबांना भारी कौतुक वाटलं. शेजारी सगळ्यांना सांगून झालं, "आमची पोट्टी स्वतःच्या पगारातून चालली."

तू डॉल्फिनबरोबर पोहायला जाणार आहेस ती तामारिनची खाडी मी नकाशात पाहिली, पश्चिमेला आहे. ते डॉल्फिन रात्रभर बाहेर खोल समुद्रात शिकार करतात आणि सकाळी किनाऱ्याजवळ विसाव्याला येतात, हे तुला माहीत आहे ना? झोपतात तेही पोहता पोहता, एका वेळी अर्धाच मेंदू. म्हणजे तुमच्या बोटी पोचतात ती नेमकी त्यांची झोपायची वेळ. हवाईत याच जातीच्या, स्पिनर डॉल्फिनच्या साधारण ४५ मीटरच्या आत जायला २०२१ पासून बंदी आहे. २०२४ च्या ३१ डिसेंबरला कऱ्हांडल्याच्या अभयारण्यात वाघीण आणि तिची पिल्लं सफारीच्या जिप्सींनी अडवली, कोर्टानंही दखल घेतली, तेव्हा तू किती चिडली होतीस! मग बोटवाला "मार उडी, समोर आलेत" म्हणाला तर तू मारू नकोस. बाजूनं गेले तर पाहा, नाही गेले तर नाही.

शिवाय ती उडी खोल पाण्यात असते, मनू. पायाखाली तळ नसतो. टँकमध्ये दमलं की कठडा धरता येतो.

बघ, आलंच. आता आलंच आहे तर पुरतं सांगते. प्रवाळाच्या रांगेवरून लाटांचं पाणी आत येतं आणि रांगेत जिथं खिंड असते तिथून जोरात बाहेर जातं, ओहोटीला तर जास्तच. स्नॉर्केलिंग करताना तोंड खाली, डोळे माशांवर. आपण किती वाहत गेलो ते कळतसुद्धा नाही. ओढ लागलीच तर तिच्याशी झुंजायचं नाही, आडवं पोहायचं, हात वर करायचा. लाइफ जॅकेट घालायचं. एकटीनं उतरायचं नाही. प्रवाळावर उभं राहायचं नाही, ते जिवंत असतं. पायांत बूट हवेत. तिथं दगडासारखा दिसणारा विषारी मासा असतो, स्टोनफिश.

झालं माझं लेक्चर. रागावू नकोस गं. तुझ्याएवढी असताना मला कोणी असं लिहिलं असतं तर मीही कागद भिरकावला असता.

तू आठवीत होतीस, मे महिन्यातलं नागपूरचं ऊन, आणि तुला टँकमधून बाहेर काढायला शिट्टी वाजवावी लागायची. डोळे लाल, केसांना क्लोरीनचा वास, वर आल्यावर पहिला प्रश्न, "पाहिलंस?" मी पायऱ्यांवर टॉवेल घेऊन बसलेली असायचे. पाहायचे कुठे, पाणी हललं की डोळे मिटायचे. आजीला तर शेवटपर्यंत आपण सांगितलंच नाही. कन्हान नदीवरच्या त्या दुपारनंतर तिनं पुलावरून जाताना कधी खिडकी उघडली नाही, आणि मामाचा फोटो देवघरातच राहिला. तू पोहायला शिकावंस हा हट्ट मात्र माझा होता. बाबांचा नव्हे, माझा.

तिथली घड्याळं दीड तास मागे. तुमचे सकाळचे सात म्हणजे इथले साडेआठ. बोटीवरून उतरलीस की नुसता एक अंगठा पाठव, फोटो मागाहून.

तुझी,
आई

ता. क. तुला महाबळेश्वरचा घाट लागतो, म्हणजे बोटही लागणार. गोळी आधी घ्यायची असते, ओकायला लागल्यावर नाही. डॉक्टरांना विचारून घे. आणि जॅकेटचे वेगळे पैसे मागितले तर घासाघीस करत बसू नकोस.