रिगल्सचा उत्तरार्ध कुठे गेला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतला, अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये एकाच चालीने लक्षात राहिलेल्या खेळाडूंवरचा लेख काल रात्री वाचला. तेव्हाच लिहायला बसले असते तर भाषा सांभाळता आली नसती, म्हणून आज लिहिते आहे.

लेखात रॉय रिगल्सच्या वाट्याला चार ओळी आल्या आहेत आणि त्यांत तो 'उलटा धावणारा वेडा' ठरला आहे. १ जानेवारी १९२९ च्या रोझ बोल या मानाच्या कॉलेज सामन्यात जॉर्जिया टेकच्या खेळाडूच्या हातून सुटलेला चेंडू कॅलिफोर्नियाच्या रिगल्सने उचलला, दिशा चुकली आणि तो आपल्याच गोलरेषेकडे ६९ यार्ड धावत गेला, हे खरं आहे. त्याच्याच संघातल्या बेनी लॉमने मागून पळत जाऊन त्याला रेषेच्या तोंडाशी अडवलं, हेही खरं. तिथून मारलेला पंट, म्हणजे चेंडू लाथेने दूर पाठवायची किक, टेकने अडवला, सेफ्टीचे (चेंडू आपल्याच गोलरेषेमागे गेल्याचे) २ गुण टेकला गेले आणि शेवटी सामना ८-७ असा हातचा गेला. हे सगळं लेखकाने नीट लिहिलं आहे. पण चाल घडली तेव्हा सामना अर्धाही झाला नव्हता, आणि लेख तिथेच थांबतो.

मध्यंतरात रिगल्स अंगावर ब्लँकेट ओढून, तोंड हातांत लपवून कोपऱ्यात रडत बसला होता. पूर्वार्धाला उतरलेलाच संघ उत्तरार्धाला उतरेल, असं प्रशिक्षक निब्ज प्राइस यांनी सांगितलं. सगळे उठले, रिगल्स जागचा हलेना. प्राइस यांनी त्याला समजावलं की अर्धा सामना अजून बाकी आहे, ऊठ. तो उठला. त्याच उत्तरार्धात टेकचा एक पंट या 'वेड्या'ने स्वतः अडवला. पुढच्या हंगामात तो कॅलिफोर्नियाचा कर्णधार होता आणि ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंपैकी एक, म्हणूनही निवडला गेला. १९६४ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाचा जिम मार्शल असाच उलट्या दिशेने धावला, तेव्हा या माणसाने त्याला आपणहून पत्र पाठवून आपल्या पंगतीत सामील करून घेतलं. यातली एक ओळ तरी छापायला काय हरकत होती?

मिशिगन विद्यापीठाच्या संघात पंट मारणाऱ्या ब्लेक ओनीलचंही तेच. आम्ही मिशिगनमध्ये राहतो, त्यामुळे १७ ऑक्टोबर २०१५ चा मिशिगन स्टेटविरुद्धचा सामना आमच्याकडे कुणी विसरणं शक्य नाही. नवरात्रातला शनिवार होता, वर भोंडला चालला होता आणि तळघरात पुरुषमंडळी टीव्हीसमोर. मिशिगन २३-२१ ने पुढे, १० सेकंद बाकी. खालून असा काही आवाज आला की हत्तीभोवतीचा आमचा फेर थांबला, जिना उतरून आम्ही सगळ्याच खाली गेलो. ओनीलच्या हातून स्नॅप, म्हणजे त्याच्याकडे मागे फेकलेला चेंडू, सुटला होता आणि मिशिगन स्टेटचा जॅलन वॉट्स-जॅक्सन चेंडू घेऊन ३८ यार्ड धावून एंड झोनमध्ये, गोलरेषेपलीकडे, पोचला होता. २७-२३. तुमच्या लेखात एक नायक, एक खलनायक, विषय संपला. पण त्याच दिवशी, त्याच मैदानावर ओनीलने ८० यार्डांचा पंट मारला होता, त्याचा उल्लेख नाही. समाजमाध्यमांवर त्या मुलाला इतक्या घाणेरड्या धमक्या आल्या की विद्यापीठाचे क्रीडा संचालक जिम हॅकेट यांना जाहीर पत्र काढून लोकांना खडसवावं लागलं, त्याचाही नाही. आणि तुमचा तो नायक? त्याच धावेच्या शेवटी त्याचा खुबा निखळला आणि हाड मोडलं. त्याचा हंगाम तिथेच संपला.

मी एवढी का चिडले, तेही सांगते. माझा धाकटा मुलगा इथल्या शाळेच्या संघात किकर, म्हणजे चेंडूला लाथ मारणारा, होता. शेवटच्या मिनिटाला त्याने मारलेला फील्ड गोल, म्हणजे दोन खांबांमधून पाठवायची किक, उजव्या खांबाला लागून मागे आला आणि संघ हरला. त्याआधी संघ बरोबरीत होता तो त्याच्याच पायातून आलेल्या गुणांवर. शाळेतली पोरं आठवड्याभरात विसरली. आपली मराठी माणसं विसरली नाहीत. गणपतीत भेटले की 'काय खांब्या, कसं काय?' एकदा तो आरतीचं तबक घेऊन चालला होता, तर एक काका मखराच्या थर्माकोलच्या खांबाकडे बोट दाखवून म्हणाले, 'जपून रे, लागेल.' सगळे हसले. त्याने तबक माझ्या हातात दिलं आणि गाडीत जाऊन बसला. त्यानंतर तो मंडळात आलेला नाही. आता नोकरी करतो, पण गणपतीला चल म्हटलं की अजूनही विषय बदलतो.

तुमच्या लेखात ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसची २०१३ ची, अलाबामाला हरवणारी ती शेवटच्या सेकंदाची धाव तीन परिच्छेद व्यापते. त्याच सामन्यात अलाबामाच्या केड फॉस्टरचे फील्ड गोल हुकले, त्यालाही लोकांनी सोडलं नाही. तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्याला स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून धीर दिला. फॉस्टरचा जर्सी क्रमांक ४३, बुश ४३ वे राष्ट्राध्यक्ष, म्हणून सही करताना स्वतःला 'दुसरा ४३' म्हणवून घेतलं. राष्ट्राध्यक्षपद भूषवलेल्या माणसाला जे सुचलं, ते मंडळातल्या एकाही काकांना सुचू नये?

आणि हे सगळं अमेरिकेतच होतं असं तुमच्या वाचकांनी समजू नये. चेतन शर्मा म्हटलं की शारजा आणि मियांदादचा षटकार. नागपूरच्या वाचकांना तरी आठवत असेल, पुढच्याच वर्षी, १९८७ च्या विश्वचषकात, त्याने त्यांच्याच शहरात न्यूझीलंडच्या तिघांचे ओळीने त्रिफळे उडवले होते. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक.

माझी विनंती एवढीच की रिगल्सचा उत्तरार्ध आणि ओनीलचा तो पंट पुढच्या रविवारी, त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापा. आतल्या पानावर कोपऱ्यातली दिलगिरी नको. लेखासोबत गोल चेंडूला लाथ मारणाऱ्या खेळाडूचं छायाचित्र छापलं आहे, तेही बदला. या खेळातला चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि बहुतेक वेळ हातातच असतो.

शिवाय ई-पेपरची रविवारची पुरवणी आम्हा परदेशी वर्गणीदारांना मंगळवारच्या आधी उघडता येत नाही. वर्गणी मात्र पूर्ण आठवड्याची घेतली जाते. तुमच्या वितरण विभागाला कळवून झालं, उत्तर नाही. निदान ते तरी बघावं.

कळावे,
आपली एक जुनी वाचक
नोव्हाय, मिशिगन