साबणाला एक्स्ट्रा व्हर्जिन? अहो कशाला!

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत घरी ऑलिव्ह तेलाचा साबण करायचा जो लेख आलाय तो आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इतका फिरतोय की आता निम्म्या बायका दिवाळीला घरचा साबण वाटायच्या तयारीत आहेत, चांगलंच आहे, पण त्यातल्या दोन-तीन गोष्टींवर लिहिल्याशिवाय राहवेना.

पहिलं म्हणजे "एक्स्ट्रा व्हर्जिनच घ्या" हा आग्रह. अहो ते तेल महाग असतं ते वासासाठी न् चवीसाठी, त्याची आम्लता ०.८ टक्क्याच्या आत लागते वगैरे वगैरे, ते सॅलडवर घाला की. कॉस्टिक सोड्याच्या (तेलाचा साबण करतो तो जहाल क्षार, खायचा सोडा नव्हे) पाण्यात पडल्यावर तो वास आणि ती चव काही उरत नाही. सोड्याला तेलातल्या फॅटी अ‍ॅसिडशी मतलब, आणि ऑलिव्हमधलं मुख्य जे ओलिक अ‍ॅसिड ते बाटली महाग असो की स्वस्त, साधारण ५५ ते ८३ टक्क्यांच्या मधेच असतं. साबणाला पोमेस घ्यावं, म्हणजे फळातलं तेल निघाल्यावर जो चोथा राहतो त्यातून सॉल्व्हंटने काढून रिफाइन केलेलं. खायला घेताना लोक त्याला नाक मुरडतात पण साबणाला ते झकास, उलट ट्रेस लवकर येतो (मिश्रण कढीसारखं दाट होऊन वर टाकलेली धार दिसत राहते ना, ते). रंग जरा हिरवट येतो एवढंच. साधं रिफाइंड ऑलिव्हही चालतं.

खरी काळजी घ्यायची ती लेबल वाचण्यात, आणि लेखात त्यावर एक अक्षर नाही! मुंबईत कुठल्याही मेडिकलमध्ये किंवा मॉलमध्ये गेलात तर बाटलीवर ऑलिव्हचं चित्र असलेली निदान तीन प्रकारची तेलं दिसतात. एक खरं ऑलिव्ह. दुसरं ब्लेंडेड व्हेजिटेबल ऑइल, ज्यात कायद्याने एकेक तेल किमान २० टक्के असलं की झालं, म्हणजे ८० टक्के सूर्यफूल आणि चित्र मात्र ऑलिव्हचं असं होऊ शकतं. अशा तेलाचा साबण होतो, नाही असं नाही, पण सूर्यफूल लवकर खवट होतं आणि आपल्या दमट हवेत वडीवर नारिंगी डाग पडून वास यायला लागतो. तिसरं म्हणजे "विथ ऑलिव्ह" लिहिलेलं केसांचं तेल, त्यातल्या बऱ्याच तेलांत लिक्विड पॅराफिन असतं. हे मात्र चुकूनसुद्धा घेऊ नका, पॅराफिनचा साबण बनतच नाही, मग त्याच्या वाटणीचा सोडा तसाच शिल्लक राहतो आणि तो अंगाला लागतो. बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचा, चष्मा लावून वाचा.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. लेखात प्रमाण वाटी-चमच्यात दिलंय. हे काय उटणं आहे का? १ किलो ऑलिव्हला साधारण १३५ ग्रॅम कॉस्टिक पुरतं आणि खोबरेलला १८३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कुणी खोबरेलची कृती उचलून त्यात नुसतं ऑलिव्ह ओतलं तर किलोमागे जवळजवळ ५० ग्रॅम सोडा मोकळा राहील. डिजिटल काट्यावर तोलायचं, आणि हिशोबाच्या ५ टक्के कमीच घालायचं, म्हणजे ऑलिव्हला १२८ ग्रॅम, थोडं तेल साबणात उरलं की त्वचेला बरं.

आणि दिवाळीचं म्हणाल तर निव्वळ ऑलिव्हचा साबण आत्ता श्रावणात लावून दिवाळीला द्यायचा असेल तर विसराच. तो मुरायला सहा महिने ते वर्ष लागतं, तोपर्यंत फेस कमी आणि हाताला बुळबुळीत. त्यात मुंबईचा पावसाळा, वडीतलं ग्लिसरीन हवेतली ओल खेचून घेतं आणि वर थेंब सुटतात. ज्यांना दिवाळी गाठायचीय त्यांनी ऑलिव्ह ६५ टक्के, खोबरेल ३० आणि एरंडेल ५ असं घ्यावं, वडी टणक होते, फेसही येतो, आणि महिना-दीड महिन्यात वापरता येते. खरं सांगू का, खोबरेल आपल्याकडचं, ते वाढवलं तर खर्चही कमी होतो, ऑलिव्हचं एवढं कौतुक कशाला ते मला कळत नाही, पण ३० च्या फार वर गेलात तर काहींची त्वचा कोरडी पडते हेही आहेच.

शेवटचं तुमच्या फोटोबद्दल. त्यात कॉस्टिकचं पाणी चक्क अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात दाखवलंय! अ‍ॅल्युमिनियम आणि कॉस्टिक एकत्र आले की हायड्रोजन सुटतो, पातेलं खाल्लं जातं ते वेगळंच. स्टीलचं भांडं घ्यायचं, गॉगल आणि हातमोजे घालायचे, खिडकी उघडी ठेवायची आणि सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही. घरात लहान मुलं असतात, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. येत्या रविवारी ग्रॅममधलं प्रमाण आणि ही सूचना चौकटीत छापा, आणि वेबसाइटवरचा तो फोटो तेवढा बदला.

कळावे,
एक जुनी वाचक, विलेपार्ले (पूर्व)