मार्गासोबत मुक्कामाची उंचीही छापा

मा. संपादक,
स. न.

एप्रिल उजाडला की वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत लडाखचा हंगाम सुरू होतो. ‘एकट्याने लेह’ हा त्यातला सध्याचा आवडता विषय. सोबत एक चौकट असते: पहिला दिवस मनाली ते जिस्पा, दुसरा सरचू, तिसरा लेह. किलोमीटर दिलेले असतात, खर्च दिलेला असतो, फोटो कुठे काढायचा तेही असते. रात्री किती फुटांवर झोपायचे, हा रकाना मात्र नसतो. पाच-सात जणांच्या जथ्याचे त्यावाचून कसेबसे निभावते, कारण एकाला त्रास झाला तर दुसऱ्याच्या लक्षात येते. एकट्या स्वाराचा सगळा बेत त्या रकान्यावर बसवायला हवा.

जिस्पा साधारण १०,५०० फुटांवर, तर सरचू १४,००० फुटांवर आहे. म्हणजे एका रात्रीत साडेतीन हजार फुटांची उडी. १०,००० फुटांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज दीड हजार फुटांहून जास्त वाढवू नये, असा गिर्यारोहणाच्या वैद्यकातला सर्वमान्य संकेत आहे. ही उडी त्याच्या दुपटीहून जास्त झाली. दिवसा सतरा हजारांची खिंड ओलांडून खाली उतरणे शरीर चालवून घेते. झोपेत श्वास मंदावतो, रक्तातला प्राणवायू आणखी उतरतो, आणि त्रास पहाटे दोन-तीनला सुरू होतो. तंबूत एकटे असताना.

सरचूची खरी गोम वेगळीच आहे. उंचीचा त्रास झाला की खाली उतरा, हे सगळेच सांगतात. सरचूहून खाली उतरायला सरळ वाटच नाही. मनालीकडे परतायचे तर १६,०४० फुटांचा बारालाचा हा घाट चढावा लागतो. लेहकडे जायचे तर गाटा लूप्सची २१ वळणे, मग नकी ला (‘ला’ म्हणजे खिंड), १६,६०० फुटांचा लाचुलुंग ला आणि शेवटी १७,४८० फुटांचा तांगलांग ला. लाचुलुंग ला आणि तांगलांग ला यांच्या दरम्यान असलेले पांग तर सरचूहूनही हजारेक फूट वर. सरचू हे असे वाडग्याच्या तळाशी वसले आहे. नकाशावर ते ‘अर्ध्या वाटेवरचा मुक्काम’ म्हणून सोयीचे दिसते इतकेच.

म्हणून एकट्याने जाणाऱ्याने श्रीनगरमार्गे चढावे आणि मनालीमार्गे उतरावे. श्रीनगर ५,२०० फुटांवर, झोजी ला साडेअकरा हजारांवर. पण तो ओलांडून रात्री कारगिलला, म्हणजे ८,८०० फुटांच्या आसपास झोपता येते. दुसऱ्या दिवशी १३,४७९ फुटांचा फोतू ला पार करून लामायुरू किंवा लेह, दोन्ही साडेअकरा हजारांच्या जवळपास. वाटेत गावे आहेत, पंप आहेत. कारगिल ते लेह ही उडीही संकेताहून मोठीच, म्हणून लेहमध्ये दोन पूर्ण रात्री काहीही न करता काढाव्यात. ‘काहीही न करता’ यात खार्दुंग लावर जाऊन फोटो काढून येणेही नाही. परतीला मनालीच्या वाटेने निघाल्यावर शरीर सरावलेले असते आणि तोच सरचू फारसा छळत नाही. मनालीकडूनच चढायचे असेल, तर जिस्पा किंवा केलाँगला दोन रात्री काढाव्यात, मग पहाटे चारला निघून सरचूत न थांबता थेट लेह गाठावे. हा दिवस फार लांबतो, आणि एकट्याला तो सुचवायला माझा हात धजत नाही.

उंचीचा त्रास टाळायला ॲसिटाझोलामाइड, म्हणजे लोकांच्या तोंडची डायमॉक्स, १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून घेतात. पण डॉक्टरांना विचारून. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय नाहीच. या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वाढते, हे आधी ठाऊक असावे. नाहीतर क्लचवरची बोटे थंडीने बधिर झाली असे वाटते. बाजारात मिळणारा प्राणवायूचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो. त्याच्या भरवशावर वर थांबणे हाच त्याचा मोठा धोका. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडाही गारठलेल्या बोटावर चुकतो. हात चोळून गरम करून मगच बघावा.

डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना जाणे ही पहिली पायरी. तेव्हा आहे तिथेच थांबायचे, वर जायचे नाही. बसल्या जागी दम लागणे किंवा चालताना तोल जाणे ही पुढची. रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवर टाचेला चवडा लावत दहा पावले टाकून पाहावीत. जमत नसेल तर त्याच क्षणी खाली जायचे, आणि स्वतः गाडी चालवत नव्हे, तर मिळेल त्या ट्रकमध्ये किंवा लष्कराच्या मदतीने. मेंदूला सूज आली की सर्वांत आधी सारासार विचारच जातो, आणि एकट्याला ‘तू बरळतो आहेस’ असे सांगणारे कुणी नसते. म्हणून हे नियम निघण्यापूर्वीच कागदी चिकटपट्टीवर लिहून पेट्रोलच्या टाकीवर डकवावेत. तिथे ते दर पाच मिनिटांनी डोळ्यांपुढे येतात.

आता पेट्रोल. मनालीच्या वाटेवरच्या तांडीच्या पंपावरचा ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ हा फलक प्रसिद्ध आहे; हा आकडा लेहपर्यंतचा, कारूचा पंप त्याच्या थोडा अलीकडे आहे. मध्ये कुठे पंप झाल्याचे कानावर आले तरी हिशेब या फलकाचाच धरावा. मैदानात ३० देणारी साडेतीनशे सीसीची गाडी इथे खालच्या गिअरमध्ये आणि समोरच्या वाऱ्यात २४ च्या आसपास देते. म्हणजे सव्वापंधरा लिटर लागतात आणि टाकी १३ लिटरची. पाच लिटरचा कॅन हवाच. तो काठोकाठ भरू नये, आणि वर गेल्यावर झाकण हळूहळू सैल करावे. बाहेरचा दाब कमी असल्याने आतली वाफ फसकन बाहेर येते. ढाब्यावर बाटलीतले पेट्रोल मिळाले तर चढ्या भावाने, आणि त्यात काय मिसळले आहे ते देवाला ठाऊक. टायरचेही असेच. समुद्रसपाटीवर भरलेली हवा सतरा हजारांवर गेजला सुमारे ७ पीएसआय जास्त दिसते. थंडी त्यातला काही भाग खाऊन टाकते. लेहला पहिल्या सकाळी टायर थंड असतानाच हवा पुन्हा जुळवून घ्यावी.

तांगलांग लावर हवा इतकी विरळ की इंजिनाची जवळपास चाळीस टक्के ताकद जाते. गाडी बिघडलेली नसते. चढावर अर्धा क्लच धरून रेटत राहिले की क्लच प्लेटी जळतात आणि मग ती खरोखर बिघडते. सामान कमी करणे हाच उपाय. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या जादा केबल जुन्या केबलींच्या बाजूलाच बांधून ठेवाव्यात, म्हणजे गारठलेल्या हातांनी केबल ओवत बसावे लागत नाही, नुसती दोन टोके जोडायची. स्पार्क प्लग, फ्यूज, चेनची जोडकडी, ब्रेक आणि क्लचचे लिव्हर, पंक्चरचे साहित्य आणि हातपंप एवढे पुरे.

नाल्यांचे वेळापत्रक सूर्य ठरवतो. बर्फ उन्हाने वितळते, म्हणून सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी दुपारी गुडघ्याला लागते. परतीला लेहहून पहाटे निघून अडीचशे किलोमीटरवरच्या सरचूला मुक्काम करावा, आणि बारालाचा ते झिंगझिंगबार हा पट्टा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत उरकावा. एकट्याने नाला आधी काठी टेकत पायी चालून पाहावा, किंवा मागून ट्रक येईपर्यंत थांबावे. ट्रकची चाके कुठे वर येतात ते नीट बघावे. पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मध्येच क्लच दाबायचा नाही. इंजिन पाण्यात बंद पडले आणि पाणी एअर फिल्टरपर्यंत चढले असेल तर सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये गेलेले पाणी दाबले जात नाही, त्यात कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी बाहेर ढकलून, प्लग काढून, आधी पाणी उडवून टाकावे.

कागदपत्रांचे थोडक्यात: गाडी शक्यतो स्वतःच्या नावावरची असावी. मनालीत भाड्याने घेतलेली बाइक नुब्रा किंवा पँगाँगला नेऊ देत नाहीत, लेहचे स्थानिक व्यावसायिक अडवतात. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्यावे. ज्या पट्ट्यात तेही चालत नाही तिथे शिरण्यापूर्वी ‘अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर चौकशी करा’ असे घरी सांगावे, आणि दारचाच्या पोलिस चौकीवर नोंद नीट वाचता येईल अशा अक्षरात करावी.

संपादक महोदय, विनंती एवढीच. पुढच्या वेळी अशी चौकट छापताना किलोमीटरच्या शेजारी आणखी एक रकाना द्या: श्रीनगर ५,२००, कारगिल ८,८००, लेह ११,५००, लेह ११,५००, सरचू १४,०००, मनाली ६,७००. जागा कमी पडली तर फोटो थोडा लहान करा.

आपला,
एक दुचाकीस्वार वाचक, ठाणे