पाहुणे तज्ज्ञ भाषणापुरते नकोत

संपादक महोदय,

नाशिकच्या मुलांसाठी हाताळून शिकायचे विज्ञान संग्रहालय उभारायचे, तर बाहेरचे तज्ज्ञ निदान तीन आठवडे कार्यशाळेतच राबायला हवेत. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या एक्सप्लोरेटोरियम या अशाच संग्रहालयामध्ये कार्यशाळा प्रेक्षकांना दिसेल अशीच ठेवली होती.

प्रत्येक प्रयोगाचा पहिला नमुना १२ मिमी प्लायवुडचा, फक्त स्क्रूने जोडलेला असावा. डिंक लावला की बदल करायला हात धजत नाही. वीस-पंचवीस मुलांपुढे तो ठेवून गप्प बघायचे. मुले पाटी वाचत नाहीत, आधी ओढतात.

हवेच्या झोतावर तरंगणारा चेंडू घ्या. झोत थोडा तिरका केला तरी चेंडू टिकतो, फार कलला की पडतो; ही गंमत मुलांना स्वतः सापडली पाहिजे. पण पंख्याच्या जाळीत धूळ साचते, झोत मंदावतो आणि 'बंद आहे'ची पाटी लागते. जाळी बाहेरून निघणारी केली, तर दर पंधरवड्याला पाच मिनिटांत साफ होते. पुशबटणे, बेअरिंग इथल्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या दुकानांत मिळतील अशाच मापाची निवडावीत. आणि निरोपाआधी तज्ज्ञांनी प्रत्येक प्रयोग इथल्या तंत्रज्ञांकडून पूर्ण खोलून पुन्हा जोडून घ्यावा.

– विज्ञान प्रयोगांची मांडणी करणारे काही वाचक, नाशिक