बाबांच्या मापाचं टेबल

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

गॅरेजमधलं कामाचं टेबल उभं राहिलं. बाबा, तुम्ही फोनवर पहिलंच विचारलंत, "हलत नाही ना?" नाही हलत. त्यावर रंधा मारला, अंगाचा जोर लावून रेटून पाहिलं, ते जागचं ढिम्म हललं नाही.

तुमचं सध्याचं टेबल का डुगडुगतं ते हे करताना नीट कळलं. रंधा मारताना जोर लांबीच्या दिशेने जातो आणि चौकट काटकोन सोडून तिरकी व्हायला बघते. सगळा भार नुसत्या स्क्रूंवर असेल तर ते हळूहळू ढिले पडतातच. म्हणून मी ४ इंची चौरस पायांत पाऊण इंच खोल खाच पाडून आडव्या पट्ट्या त्यात बसवल्या आणि वॉशर घालून १० मिमीच्या बोल्टांनी आवळल्या. भार खाचेवर येतो, बोल्ट फक्त सांधा मिटून धरतो. दोन्ही कर्ण मोजून सारखे आल्यावरच मागच्या बाजूला १२ मिमी प्लायवूडचा अख्खा तक्ता ठोकला. डुगडुग खरी थांबते ती या तक्त्याने. खालच्या फळीवर जड हत्यारं ठेवली की टेबल आणखी घट्ट बसतं.

वरचा पाट १८ मिमी प्लायवूडचे दोन थर चिकटवून केलाय. स्क्रू सगळे खालून, म्हणजे पटाशी चुकून खोल गेली तरी धार लोखंडावर आपटत नाही. व्हाइस, म्हणजे लाकूड पकडून ठेवणारा शिकंजा, बरोबर पायावर येईल असा लावलाय, त्यामुळे हातोडीचा ठोका सरळ जमिनीत उतरतो. बाबा, तुम्ही डावरे, म्हणून तुमच्या टेबलाला तो उजव्या टोकाला लावू.

हो, तुमच्यासाठीही एक करायचंच आहे. पुढच्या वेळी येईन ती लाकूड कापूनच आणीन, तिथे फक्त जोडायचं. वाकून काम करून बाबांची कंबर धरते हे आई सांगते, बाबा नाही सांगत.

आई, तेल लावायचं काम तुझं. जवसाचं तेल पुसलेली फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत. ती आतून तापून आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्यायची, मगच टाकायची.

आणि तुमच्या टेबलाची उंची ठरवायला एक माप लगेच हवंय. बाबांना कामाच्या चपला घालून ताठ उभं कर, हात सैल सोडायला सांग आणि जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत मोज. ते म्हणतील, "३४ इंच धर, सगळ्यांची तेवढीच असते." तरी तू मोजच. टेबल ठेवायच्या जागी फरशी किती उतरती आहे तेही पाहून ठेव, म्हणजे पायांना खाली-वर होणारे बोल्ट किती लांबीचे आणायचे ते ठरवता येईल.

तुमची,
धाकटी