टेम्सचा म्हातारा

दहिसर, मुंबई
रविवार, पाऊस चालूच

प्रिय संज्या,

"भुताखेतांचं काहीतरी चांगलं सांग, पण राजवाडे आणि ड्रॅगन नकोत," असं तू म्हणालास. फोनवर सांगायला लागलो की तू मध्येच वाद घालतोस, म्हणून लिहितोय. आता मुकाट वाच.

बेन आरोनोविचची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ मालिका. पहिलं पुस्तक २०११चं. पीटर ग्रँट हा नवशिका शिपाई. आई सिएरा लिओनची, बाप जॅझवाला. कॉव्हेंट गार्डनमध्ये खून झालाय आणि हा कुडकुडत रात्रीचा पहारा देतोय. तेवढ्यात एक साक्षीदार येतो, आणि तो कधीचाच मेलेला असतो. पीटर बोंबलत पळत नाही, वही काढून जबाब लिहून घेतो. मी तिथंच गारद. एरवी साहेब त्याला कागद रंगवायच्या खात्यात टाकणार होते. त्याऐवजी नाइटिंगेल नावाचा जादूगार इन्स्पेक्टर त्याला शागीर्द करून घेतो. या जादूचं शास्त्र बसवलंय न्यूटनने, आणि तिची किंमतही रोकडी: जादू केली की जवळच्या मोबाईलमधल्या चिपची वाळू होते. मला हा हिशेबीपणा फार आवडतो.

पण खरा जीव आहे तो नद्यांत. लंडनच्या फ्लीट, टायबर्न, एफ्रा या नद्या आज रस्त्याखाली गटारांतून वाहतात. पुस्तकात त्या चालत्याबोलत्या बायका आहेत, मानापमानासकट. त्यांची आई, ममा टेम्स, नायजेरियाहून आलेली. आणि टेम्सचा मूळ देव, तो म्हातारा? १८५८च्या उन्हाळ्यात नदीची इतकी घाण सुटली की पार्लमेंटच्या खिडक्यांना ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवलेले पडदे लावावे लागले. हे खरं घडलेलं. आरोनोविच म्हणतो, तेव्हाच म्हातारा वैतागून वरच्या अंगाला निघून गेला. पुढची शंभर वर्षं गादी रिकामी!

हे वाचल्यापासून कुर्ल्याला मिठी नदीवरून लोकल गेली की मी खाली बघतो. तिकडे म्हातारा रुसला त्याच सुमारास, १८६०मध्ये, इकडे विहार तलाव बांधून झाला, आणि मिठी तिथूनच निघते. तिचं दैवत बिबट्यांच्या शेजारी विहारलाच बसून राहिलं असेल का रे? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ते खाली उतरलं असेल. आपला मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीवर, सगळ्यांना पत्ते आहेत. नाल्याचा पत्ता मात्र कोणी दिला नाही.

खोड्याही सांगतो. पहिल्या भागाचं रहस्य शेवटी गुंतागुंतीचं होतं, आणि पीटर इमारतींवर बोलायला लागला की थांबत नाही. तरी क्रमानेच वाच. दुसऱ्यात जॅझ, तिसऱ्यात भुयारी रेल्वे. पीटरच्या सोबतची शिपाई लेस्ली, तिच्यावर लक्ष ठेव, याहून जास्त सांगणार नाही. विरार लोकलमध्ये पुस्तक उघडायला जागा नसेल तर कोब्ना होल्डब्रुक-स्मिथच्या आवाजात ऐक, बोलींची मजा कळेल.

आणि हो, अमेरिकेत पहिलाच भाग ‘मिडनाइट रायट’ नावाने निघाला. फाउंटनच्या फुटपाथवर तो दिसला, मी नवा भाग समजून घेतला, घरी येऊन चार पानांत कपाळावर हात मारला. बायको अजून हसते. तेव्हा एक प्रत तुझी. शनिवारी दादरला ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणतो. वडापाव तुझ्याकडून.

तुझा,
बाळ्या