फायरमन कोर्स केलेल्या सभासदांसाठी: रविवारी कागदपत्रांसह या
फायरमनचा कोर्स करून घरी बसलेल्या सर्वांनी येत्या रविवारी सकाळी १० वाजता खानापुरात नेहमीच्या मंदिरात यावे.

विषय: महाराष्ट्राची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना. नगरपालिकेत काम शिकायचं, विद्यावेतन घ्यायचं. बारावीला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीला १०,००० रुपये. वय १८ ते ३५. ही नोकरी नव्हे, कायम होण्याची आशा धरू नका.

नीट वाचा, अधिवास महाराष्ट्राचाच लागतो. महाराष्ट्रात राहणाऱ्या चंदगड-गडहिंग्लजकडच्यांचे अर्ज रविवारी मंदिरातच भरून घेऊ. कर्नाटकातल्या सीमाभागातील ८६५ गावांना महाराष्ट्राने दिलेली सवलत सरकारी नोकरभरतीतली आहे, तिच्या भरवशावर या योजनेत अर्ज टाकू नका.

बेळगाव, खानापूर, निपाणीवाल्यांनो, कर्नाटकात अग्निशमन दल राज्य सरकारचं, पालिकेचं नाही. ‘पालिकेत चिकटवतो’ म्हणणाऱ्या एजंटाला रुपयाही देऊ नका. आपल्याकडेही पगारी प्रशिक्षण सुरू करा, असं निवेदन बेंगळूरला पाठवतोय. त्यावर सह्या हव्यात.

सोबत आणा:
- आधार, आधारला जोडलेलं पासबुक
- अधिवास दाखला, मार्कलिस्ट
- कोर्सचं मूळ प्रमाणपत्र (मोबाईलवरचा फोटो नको, त्यात गोल शिक्का नुसता निळा डाग दिसतो)

शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव आणि गाव लिहा. नुसता अंगठा टाकू नका.